मागच्या पायरीवरचे वजन

९ ऑगस्ट २०१९. जीपमध्ये अकरा जीव होते. दुपारी सव्वातीन वाजता आठ उरले.

त्या आठांपैकी एक जण जीप चालवत होता. त्याचे नाव फकरुद्दीन, राहणार पवनानगर, वय तेव्हा त्रेपन्न. एकोणतीस वर्षे त्याने पवनानगर ते कामशेत आणि धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांपर्यंत माणसे वाहिली. दुधाच्या किटल्या, भाताची पोती, नवरदेव, आजारी म्हातारे आणि शहरातून तंबूत राहायला येणारे पर्यटक, सगळे त्याच्या गाडीतून गेले. त्या दिवशी वरच्या वाडीत एक साखरपुडा होता आणि गाडीत त्याचेच पाहुणे होते.

या रस्त्यांवरच्या एका रिवाजाची नोंद येथे करणे आवश्यक आहे. जुन्या जीपला ओढ फक्त मागच्या दोन चाकांची असते. ओल्या मुरमाच्या चढावर ती चाके जागीच फिरू लागली, की चालक दोन-चार प्रवाशांना मागच्या पायरीवर उभे राहायला सांगतो. वजन मागच्या चाकांवर येते, चाके जमीन धरतात, गाडी चढते. हे कोणत्याही परवान्याच्या परीक्षेत शिकवत नाहीत. मावळातल्या जीपवाल्याच्या ते अंगात असते, आणि प्रवाशांच्याही. सांगण्याआधीच माणसे उतरून मागे जातात.

वाडीच्या शेवटच्या वळणावर त्या दिवशी चौघे मागे उभे राहिले: धोंडाबाई, तिचा नवरा दत्तोबा, रखमाजी आणि त्याची पुतणी सारिका. गाडी वळणाच्या मध्यावर बंद पडली आणि मागे सरकू लागली. फकरुद्दीनने ब्रेक दाबला, स्टिअरिंग फिरवले. गाडी थांबली नाही आणि वळलीही नाही. कडेचा भराव खचून ती खाली गेली. दत्तोबा बाजूला फेकला गेला. मागे उभे असलेले बाकीचे तिघे गाडीखाली आले.

फकरुद्दीनवर निष्काळजीपणाचा खटला झाला. मृतांच्या घरच्यांचा नुकसानभरपाईचा दावा वेगळा दाखल झाला. दोन्ही ठिकाणच्या कागदांत आधाराचे वाक्य एकच आहे: ब्रेक गेला. तपासणीत ब्रेकची नळी तुटलेली आढळली. ती नळी गाडी कोसळण्यापूर्वी तुटली की कोसळताना, हे कुणीच सांगू शकले नाही. फकरुद्दीन खोटे बोलत नव्हता. त्याने पाय दाबला होता आणि गाडी थांबली नव्हती. या अनुभवाला त्याच्या धंद्यात ब्रेक जाणे असेच म्हणतात.

त्याचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला होता. हाड सांधले, पण दोन बोटे वळेनाशी झाली. परवाना गेला. जीप पोलिसांच्या आवारात उभी राहिली आणि तिच्यात गवत उगवले. पत्नी अजीजुन्निसा घरगुती खानावळ चालवू लागली, मुलगी शहिस्ता सोमाटण्याच्या एका रक्त तपासणी केंद्रात नोकरीला लागली. फकरुद्दीन घरी बसला. कामाने ज्याची ओळख घडवली, त्याच्याकडून काम काढून घेतल्यावर काय उरते, हा प्रश्न आपण पुस्तकात विचारतो. त्याच्या घरात त्याचे रूप साधे होते: तो जेवताना मिठाला नावे ठेवी.

२०२३च्या डिसेंबरात पवनानगरजवळच्या कोरड्या ओढ्यात पुण्याहून काही माणसे आली. प्रत्येकाच्या हाती रिमोट होता आणि पायाशी एकेक छोटी गाडी. मूळ गाडीच्या दहाव्या हिश्श्याची, पण दिवे, दारे, टपावरची जाळी, चाकांवरचा चिखल, सगळे खरे वाटावे असे. या गाड्या वेगाने पळत नव्हत्या. दगडावर हळूच चाक टेकवत, अडखळत, वाट शोधत चढत होत्या. फकरुद्दीन काठावर दोन तास उभा राहिला. शेवटी त्यांच्यातल्या एका बाईने त्याच्यापुढे रिमोट धरला.

"काका, बघा चालवून."

डाव्या हाताच्या बोटाने वेग, उजव्या हाताने एक लहानसे चाक फिरवायचे. त्या चाकाला मूठ लागत नव्हती. तळहात पुरत होता. त्याने गाडी दोन दगडांमधून नेली, मागे घेतली, पुन्हा नेली.

"आधी चालवलीय तुम्ही," बाई म्हणाली.

"एकोनतीस वर्सं."

ती माणसे हसली. त्याने विनोद केलेला नव्हता.

त्या दुपारी जेवताना तो मिठाविषयी काही बोलला नाही. अजीजुन्निसाने मुलीकडे पाहिले. "अब्बाला ताप आहे का बघ गं," ती म्हणाली. "आमटीत मीठच टाकलं नाही मी आज, आणि हे ताट पुसून खातायत."

शहिस्ताने पुढचे तीन आठवडे अशा गाड्यांविषयी मिळेल ते वाचले. ती तपासणी केंद्रात काम करणारी मुलगी. निष्कर्षापूर्वी माहिती गोळा करण्याची तिला सवय. कागदावर टिपून तिने वडिलांना वाचून दाखवले. पहिली गाडी जोडणीचा संच नसावी, तयार असावी. सुटे भाग जवळपास मिळावेत. ओढ्यात चालवायची तर पाण्याने बिघडू नये. वेग पाहू नये. दिसण्यावर जाऊ नये. वजन खाली आणि पुढच्या बाजूला असावे. नवशिक्याकडून बहुतेक चूक दिसण्याच्या मोहातच होते.

"नवशिका कोन?" फकरुद्दीनने विचारले.

"असं लिहिलंय अब्बा. तुम्हाला नाही म्हणत कुणी."

"मग कुनाला म्हनत्यात?"

जानेवारीतल्या एका रविवारी बापलेक बसने लोणावळ्याला गेले. बाजारातल्या एका गल्लीत इर्शाद नावाच्या तरुणाचे दुकान होते. पुढच्या अंगाला मोबाइलची दुरुस्ती, मागच्या अंगाला या गाड्या. दुकान इतके अरुंद, की शहिस्ताला दारातच उभे राहावे लागले. इर्शादने काउंटरवर दोन गाड्या ठेवल्या.

"चाचा, पहिल्यांदाच घेताय?"

"गाडी न्हाई. खेळनं पह्यल्यांदा घेतोय."

"मग ही घ्या." इर्शादने डावीकडची पुढे सरकवली. तिचा सांगाडा पातळ प्लास्टिकचा, निळा रंग, दारे नुसती रंगवलेली. "दिसायला साधी आहे. पण वरचा भाग हलका, जड सगळं खाली. बॅटरी पुढच्या चाकांवर. चढाला चिकटून राहते. शिकायला हिच्यासारखी दुसरी नाही."

"बॅटरी पुढं?"

"पुढंच पाहिजे."

"आरं, पुढं वजन घेऊन गाडी चढती व्हय? मागची चाकं फिरत्याल नुसती."

"चारी चाकं ओढतात हिची. पुढची जमिनीवर टेकलेली राहिली पाहिजेत, एवढंच बघायचं."

"तुझ्याकडं कंची गाडी हाय?"

"स्कूटर आहे चाचा."

फकरुद्दीनने मुलीकडे पाहिले. त्याच्या दृष्टीने साक्षीदाराची उलटतपासणी संपली होती.

दुसरी गाडी जीप होती. जाड, कठीण बॉडीची. दारे उघडत, मागची फळी पडे. टपावर लोखंडी जाळी, मागे जादा चाक, बॅटरीही मागे, आणि सर्वांत मागे दोन बोटे मावतील एवढी पायरी. फकरुद्दीनने ती उचलून तळहातावर तोलली. मागचा भाग खाली झुकला. त्याने मान डोलावली.

"हिचा तोल बराबर हाय."

"चाचा, ती शोकेसची गाडी. फोटोला झकास. नवीन माणूस हीच उचलतो आणि महिन्यात माझ्याकडे परत आणतो. मला फायदाच आहे, पण आधी सांगितलेलं बरं."

"मी न्हाई आनायचा."

"मुलीला विचारा तरी. केवढा कागद लिहून आणलाय तिनं."

शहिस्ताच्या हातातल्या कागदावर निळ्या गाडीच्याच बाजूने सगळे लिहिलेले होते. ती बोलू शकत होती. पण साडेचार वर्षांत तिच्या वडिलांनी एखाद्या गोष्टीविषयी इतक्या खात्रीने मत दिल्याचे तिने ऐकलेले नव्हते. त्या खात्रीला हात लावायचे धैर्य तिला झाले नाही. तिने कागद पर्समध्ये ठेवला आणि जीपचे पैसे दिले. माया आणि सत्य यांचा विरोध नेहमी मोठ्या प्रसंगीच येतो असे नाही. तो असा दुकानाच्या दारात उभ्या उभ्याही येतो, आणि आपण बहुधा मायेच्या बाजूने मत देऊन बाहेर पडतो.

दुसऱ्या दिवशी शहिस्ताला सुट्टी होती. दुपारी दत्तोबा आला. अपघातानंतर तो रोज चहाला येत असे. गावात यावर बोलले जाई. ज्याच्या गाडीखाली बायको गेली त्याच्याच दारात चहा पितो, असे लोक म्हणत. दत्तोबाचे उत्तर ठरलेले होते: "च्या वैनी करती. त्यो न्हाई करत." याहून अधिक त्याने कधी कुणाला सांगितले नाही.

घरामागे रस्त्याचा भराव आहे. मुरमाचा, दोन पुरुष उंच, बराच उभा. फकरुद्दीनने जीप पायथ्याशी ठेवली. दत्तोबा पालथ्या पाटीवर बसला.

"ह्यात शीट किती घेतोस?" दत्तोबाने विचारले.

"तुमाला टपावर बसवतो, आबा."

"वैनी, ऐका. म्हातारपनी टपाचं तिकीट."

जीप हात-दीड हात चढली. मग मागची चाके मुरमात फिरू लागली. फकरुद्दीनने एकोणतीस वर्षे जे केले तेच केले. त्याने अजीजुन्निसाकडून कापडाचा तुकडा मागून घेतला, वाळूची पुरचुंडी बांधली आणि ती मागच्या पायरीवर सुतळीने पक्की केली. चाकांनी जमीन धरली. जीप चढू लागली. चढ उभा झाला तशी तिची पुढची चाके वर उचलली गेली, क्षणभर हवेत फिरली आणि जीप मागे उलटून पायथ्याशी आली.

"घोड्यागत पुढलं पाय वर करती की," दत्तोबा हसला.

"वजन कमी पडलं."

त्याने दुसरी पुरचुंडी बांधली. जीप आधीपेक्षा खालीच उलटली. तिसऱ्या वेळी त्याने अर्ध्या चढावर स्टिअरिंग फिरवून पाहिले. पुढची चाके पूर्ण वळलेली दिसत होती, पण ती जमिनीला जेमतेम टेकत होती. गाडी वळली नाही. त्याने वेग सोडून ब्रेक दिला. चाके थांबली. गाडी थांबली नाही. थांबलेल्या चाकांनिशीच ती मुरमावरून तिरकी घसरत आली.

दत्तोबा आता हसत नव्हता.

शहिस्ताने इर्शादला फोन लावला. त्याने पलीकडून शांतपणे सांगितले, की मागचे ओझे काढा, जादा चाक काढा, बॅटरीला पुढे एक रिकामी जागा आहे तिथे ती सरकवा. तिने तसे केले. जीप पायथ्यापासून निघाली आणि माथ्यापर्यंत गेली. मध्ये एकदा वळवली तर वळली, थांबवली तर थांबली.

फकरुद्दीनने जीप माथ्यावरून पुन्हा पायथ्याशी आणली. मग फकरुद्दीन म्हणाला, "ब्रेक लागला व्हता, आबा."

"व्हय."

"म्हंजी त्या दिशी. चाकं थांबली असत्याल. गाडी घसरली."

"आसंल."

"तुमाला म्हाईत व्हतं?"

दत्तोबाने पाटी थोडी मागे सरकवली. "मी मागं हुबा व्हतो, फकरू. मागं हुबं ऱ्हायलं की पुढचं तोंड वर जातं ते कळतं की. पायाला कळतं. मला वाटलं, तुला म्हाईत हाय, तू इतकी वर्सं चालवतूस."

"धोंडामावशीला मीच उतरवलं. आत बसल्या व्हत्या त्या."

"तू म्हनलास, धोंडामावशी मागं आल्या की गाडी टेलिफोनचा खांब बी चढंल."

"हसल्या व्हत्या."

"हसली तर. उतरताना म्हनली, मेल्या, जेवन उरलं तर तुला डबा आनीन म्हनत व्हते, आता नखभर बी देत न्हाई."

शहिस्ता खाली बसली. "अब्बा, हे खेळणं आहे. याची चारी चाकं ओढतात, आपल्या गाडीची दोनच ओढत होती. यावरून काही सिद्ध होत नाही."

तिचे म्हणणे बरोबर होते, आणि तेच अधिक वाईट होते. त्या जीपमध्ये वजन पुढे घेतले असते तर ती चढलीच नसती. मागे घेतले तर चढली, पण वळली नाही. त्या वळणावर गाडी चढवण्याचा योग्य मार्गच नव्हता. एकच मार्ग होता: दहाही प्रवाशांना उतरवून उरलेली वाट चालत जायला सांगणे. पाऊस भुरभुरत होता, अंगावर साखरपुड्याचे कपडे होते, आणि चालत जा असे सांगणारा जीपवाला पुढच्या खेपेला प्रवासी गमावतो. म्हणून ते त्याच्या मनात आलेच नाही. ज्या कौशल्याचा त्याला अभिमान होता, त्या कौशल्यानेच ही शक्यता त्याच्या डोळ्यांआड ठेवली होती.

दोन दिवसांनी फकरुद्दीन तालुक्याच्या गावी वकिलाकडे गेला. दत्तोबा बरोबर होता. फकरुद्दीनने सगळे सांगितले, गाडीसकट. वकील बाई अनुभवी आणि प्रामाणिक होत्या. त्यांनी मध्ये तोडले नाही. शेवटी पेनाला टोपण लावले.

"हे तुम्ही न्यायालयात सांगणार आहात?"

"खरं हाय ते, म्याडम."

"असू शकतं. आता मी सांगते ते ऐका. ते तिघे गाडीबाहेर मागच्या पायरीवर उभे होते हे कागदावर आलं, की विमा कंपनी म्हणणार, गाडीबाहेर लटकणाऱ्यांची जबाबदारी आमची नाही. आणि ते स्वतःहून उभे राहिले, म्हणजे चूक त्यांचीही. रखमाजीच्या घरात कमावणारं कुणी नाही. सारिकाची आई एकटी आहे. आज कागदावर ते आत बसलेले आहेत. तसाच दावा उभा आहे."

"आन माजा खटला?"

"ब्रेक गेला म्हणालात तर सुटण्याची शक्यता आहे. मी चढ पाहून माणसं मागे उभी केली म्हणालात, तर नाही."

"मी जाईन की आत. त्याला मी भीत न्हाई."

"तुम्ही जाल हो. त्यांना काय मिळेल ते सांगा."

फकरुद्दीनने दत्तोबाकडे पाहिले. धोंडाबाईच्या मृत्यूबद्दलचा दावा दत्तोबाचा होता.

"मला इचारू नगं," दत्तोबा म्हणाला. "माजं काय. तिचं काय आलं न आलं, मी दोन भाकरी खातो. त्या पोरीच्या आईला इचार." मग थोडे थांबून म्हणाला, "इचारू बी नगं. तिला कशाला हे कळाया पायजे?"

परतीच्या बसमध्ये दोघे शेजारी बसले. कंडक्टरने विचारले, "दोन पवनानगर?" दत्तोबाने मान हलवली.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. फकरुद्दीनने सत्य सांगितले तर त्याचा अंतरात्मा कदाचित मोकळा होईल, पण त्याची किंमत तीन घरे देतील. तो गप्प राहिला तर त्या घरांचा दावा टिकेल, आणि त्याच मौनाने तो स्वतःही वाचेल. त्याच्या मौनात त्यांचे हित किती आणि त्याची सुटका किती, हे त्याला वेगळे काढता येत नाही. दुसऱ्या कुणालाही येणार नाही. कायद्याच्या कागदाला एक कारण हवे असते, आणि ते असे हवे असते की ज्यावर कुणीतरी पैसे देईल. तुटलेली नळी हे असे कारण आहे. ओला मुरूम, दोन चाकांची ओढ, एक थट्टा आणि ती ऐकून हसत उतरलेली बाई, या चारही गोष्टींना मिळून त्या कागदावर जागा नाही. त्याला गुन्हेगार ठरवून आपण मोकळे होणे सोपे आहे, दैवाचा बळी म्हणून हळहळणेही सोपे आहे. त्याच्या शेजारी बसून राहणे दत्तोबाला जमले, आणि तेवढेच कुणाला जमण्यासारखे होते.

एप्रिलमध्ये रखमाजीची बायको लीलाबाई खानावळीत भाकरी करायला येऊ लागली. अजीजुन्निसाने तिला बोलावले होते. फकरुद्दीन घरात असला की ती डोक्यावरचा पदर नीट करून म्हणे, "भाऊ, पुढली तारीख कदी हाय ओ?" तो तारीख सांगे. ती बोटांवर महिने मोजी आणि पुन्हा पिठाकडे वळे. एकदा तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तिने वर पाहिले. "काय पायजे व्हतं भाऊ?" तो म्हणाला, "पानी." तिने तांब्या दिला. त्याने पाणी पिऊन तांब्या पालथा घातला आणि बाहेर गेला.

ऑक्टोबर २०२४मध्ये दाव्यात त्याची साक्ष झाली. त्याला विचारले, अपघात कशाने झाला. त्याने मागे वळून पाहिले. न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा वाचायला सांगितले. मागच्या बाकावर लीलाबाई आणि सारिकाची आई शेजारी बसल्या होत्या. त्या दोघींना मराठीतला प्रश्न समजत होता, त्यापुढच्या इंग्रजी टिपणातले काही समजत नव्हते.

"ब्रेक गेला," फकरुद्दीन म्हणाला.

"प्रवासी कुठे होते?"

"गाडीत."

टंकलेखकाने ते लिहून घेतले. फकरुद्दीनने सही केली. उजव्या हाताने, कारण रिमोटच्या सरावाने आता बोटे थोडी वळू लागली होती. बाहेर आल्यावर लीलाबाईने त्याला हात जोडले. "तुमी आमच्यासाटी आलात, भाऊ," ती म्हणाली. त्याने काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडले आणि दत्तोबाने त्याचा दंड धरला.

विमा कंपनीने आपला स्वतंत्र साक्षीदार हजर करण्यासाठी मुदत मागितली. ती मिळाली. त्यानंतर दोनदा आणखी मिळाली.

धोंडाबाई, रखमाजी आणि सारिका यांच्या मृत्यूबद्दल आजतागायत कुणालाही काहीही देण्यात आलेले नाही.